डॅन्यूबकाठचे दोन प्रवचनकार

बव्हेरियातील रेगन्सबुर्ग या नगरात प्रवेश करावा तो उत्तरेकडून, डॅन्यूब नदीवरील दगडी पुलावरून आणि पायी. आम्ही तसेच केले. इ. स. ११३५ ते ११४६ या काळात बांधलेला हा पूल तीनशे मीटरांहून लांब असून सुमारे आठशे वर्षे या नगरात डॅन्यूब ओलांडण्यास दुसरा पूल नव्हता. त्याच्या जाड खांबांमुळे पाणी अडते आणि कमानींतून बाहेर पडताना मोठमोठे भोवरे घेते. समोर कथीड्रलचे दोन मनोरे. पुलाच्या पायथ्याशी नदीला अगदी खेटून एक जुनी, बुटकी खानावळ आहे. तेथे निखाऱ्यावर भाजलेले सॉसेज आणि आंबवलेली कोबी मिळते. पोटोबा आधी, या न्यायाने आम्ही तेथेच थोडे विसावलो.

पोप बेनेडिक्ट सोळावे धर्माध्यक्ष होण्यापूर्वी, १९६९ ते १९७७ या काळात, येथील विद्यापीठात ईशज्ञानाचे प्राध्यापक होते. त्यामुळे आमच्या बऱ्याच वाचकांना या नगराचे नाव परिचित असेल. नगर मात्र फार जुने. इ. स. १७९ मध्ये सम्राट मार्कस ऑरेलियसच्या कारकिर्दीत रोमन सैन्याने येथे तळ बांधला. त्या तळाच्या उत्तर दरवाजाची एक कमान बिशपांच्या जुन्या वाड्याच्या भिंतीत अद्याप उभी आहे. १६६३ पासून १८०६ पर्यंत पवित्र रोमन साम्राज्याची संसद येथील नगरभवनात भरत असे. दुसऱ्या महायुद्धात जुने नगर बव्हंशी वाचले आणि २००६ मध्ये ते जागतिक वारसा ठरले. एवढे कोणतेही माहितीपुस्तक सांगेल. आम्हांला सांगायचे आहे ते कथीड्रलच्या दोन प्रवचनकारांविषयी.

संत पेत्राचे हे कथीड्रल १२७३ च्या आगीनंतर बांधावयास घेतले गेले. मनोरे पूर्ण व्हायला १८६९ साल उजाडले. आतील मध्ययुगीन रंगीत काचांतून उतरणारा निळा-तांबडा प्रकाश पाहून मन आपोआप प्रार्थनेकडे वळते. पण बाहेर पडून दक्षिणेच्या अंगाला गेले की भिंतीवर एक लहानसे शिल्प दिसते. त्यात यहुदी लोक डुकरिणीच्या आचळांना झोंबताना दाखवले आहेत. हे शिल्प मुद्दामच यहुदी वस्तीच्या दिशेला तोंड करून बसवलेले. आज त्याच्याजवळ खुलाशाची पाटी आहे. आम्ही ती वाचली आणि बराच वेळ एकमेकांशी काही बोललो नाही.

त्या वस्तीच्या जागी आज नॉयफार्प्लाट्झ नावाचा प्रशस्त चौक आहे. १५१६ मध्ये बाल्थासार हुबमायर नावाचा विद्वान धर्मगुरू कथीड्रलचा प्रवचनकार झाला. वक्तृत्व असामान्य. व्यापार ओसरून नगर कर्जात बुडाले होते आणि त्याचे खापर फोडायला यहुदी सापडले. हुबमायर प्रवचनांतून त्यांच्याविरुद्ध आग ओकू लागला. सम्राट मॅक्सिमिलियनचे संरक्षण होते तोवर नगरसभेचे हात बांधलेले होते. जानेवारी १५१९ मध्ये सम्राट वारला आणि पुढच्याच महिन्यात यहुद्यांना आज्ञा झाली: सभास्थान रिकामे करण्यास दोन तास, नगर सोडण्यास पाच दिवस. ही आज्ञा पोहोचवणाऱ्यांत थोर चित्रकार आल्ब्रेख्त आल्टडॉर्फर हाही होता. त्याने पाडापाडीपूर्वी सभास्थानाची दोन कोरीव चित्रे काढली आणि ईश्वराच्या न्याय्य निर्णयाने हे मुळासकट नष्ट झाल्याचे चित्रावर नमूद केले. ज्याच्या हाताने सभास्थानाचे रूप जपले, तोच ते पाडणाऱ्यांचा निरोप्याही होता!

पाडकाम करताना जखमी झालेला एक गवंडी आश्चर्यकारकरीत्या बरा झाला, अशी वार्ता पसरली. पाहता पाहता त्या जागी पवित्र मरियेचे लाकडी मंदिर उभे राहिले आणि यात्रेकरूंच्या झुंडी लोटल्या. मंदिराचा पहिला पुरोहित हुबमायरच. मरियामाता स्वतः यहुदी कन्या होती, हे त्या गर्दीत कोणाच्या ध्यानी आले असेल का? यहुदी दफनभूमीतील शिळा उखडून बांधकामास वापरल्या गेल्या. त्यांपैकी काही जुन्या घरांच्या भिंतींत आजही दिसतात.

हुबमायरची कथा येथे संपत नाही. पुढे तो कॅथलिक धर्मसभेपासून दुरावला आणि प्रौढ स्नानसंस्काराचा पुरस्कार करणाऱ्या पंथाला मिळाला. पाखंडी ठरवलेल्यांना जाळू नये, असे प्रतिपादन करणारी पुस्तिका त्याने १५२४ मध्ये लिहिली. १० मार्च १५२८ रोजी व्हिएन्नात त्यालाच जिवंत जाळण्यात आले; तीन दिवसांनी त्याच्या पत्नीला याच डॅन्यूबमध्ये बुडवून मारले.

रविवारचे प्रवचन ऐकतच आम्ही लहानाचे मोठे झालो. प्रवचनाने माणसे रडलेली पाहिली, क्वचित पेंगलेलीही. त्याने एक वस्ती उठू शकते, हे त्या चौकात उभे राहून आम्हांला प्रथम उमगले.

१९९५ ते १९९८ या काळातील उत्खननात सभास्थानाचा पाया सापडला. इस्रायली शिल्पकार दानी कारावान यांनी त्याचा आराखडा पांढऱ्या काँक्रीटमध्ये जमिनीलगत पुन्हा उभा केला; २००५ पासून तो सर्वांना खुला आहे. तेथे कुंपण नाही. खांबांच्या बुंध्यांवर मुले आइस्क्रीम खात बसतात, म्हातारी माणसे पाय मोकळे सोडून बसतात. प्रथम आम्हांला हे खटकले. मग आम्हीही बसलो.

चौकापासून थोड्याच अंतरावर दाखाउप्लाट्झ आहे. २३ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकन सैन्य जवळ येत असता येथे लोक जमले, त्यांत स्त्रिया पुष्कळ. नगर न लढता स्वाधीन करा, एवढेच त्यांचे मागणे होते. नाझी अधिकारी तर शेवटच्या दगडापर्यंत लढण्याच्या गर्जना करीत होते. जमाव बिथरू लागताच कथीड्रलचे प्रवचनकार डॉ. योहान मायर पुढे झाले. त्यांनी लोकांना शांत राहण्यास सांगितले. आपण हक्क बजावायला नव्हे, तर विनंती करायला आलो आहोत, असे ते म्हणाले. बोलणे पुरे होण्याआधीच त्यांना पकडले. त्याच रात्री झटपट न्यायालय बसले आणि २४ च्या पहाटे, त्याच चौकात, सत्तर वर्षांचे कामगार योझेफ त्सिर्कल यांच्यासह त्यांना फाशी दिले. मिखाएल लोटनर नावाच्या निवृत्त पोलिसाला आधीच ठार केले होते. त्याचे प्रेत फासाखाली आणून टाकले. मायर यांच्या गळ्यात ‘मी घातपाती आहे’ अशी पाटी अडकवली होती. त्यांचे वय अवघे अडतीस वर्षांचे. २७ तारखेला नगर न लढताच अमेरिकनांच्या स्वाधीन झाले.

पद एकच, कथीड्रलच्या प्रवचनकाराचे. हुबमायरला हजारो श्रोते लाभले. मायर यांना धड पाच मिनिटेही मिळाली नाहीत.

२००५ मध्ये मायर यांचे अवशेष कथीड्रलमध्ये आणण्यात आले. निघण्यापूर्वी आम्ही तेथे गुडघे टेकले. बाहेर पाऊस सुरू झाला होता. दगडी पुलाकडे परतताना आठवले, त्याच एप्रिलमध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने त्याचे दोन खांब सुरुंगाने उडवले होते आणि ते पूर्ववत व्हायला १९६७ साल उजाडले. दुरुस्त केलेले खांब कोणते, ते आम्ही वाकून शोधत होतो. पण पाणी चढले होते आणि सगळेच दगड सारखे ओले दिसत होते.