रंगाखालचा इतिहास : लाकडावरील अस्तराची कथा

१/ मुदखेड जंक्शनहून एक लोहमार्ग भोकर, किनवटवरून आदिलाबादला जातो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हा सारा मुलूख हैदराबाद राज्यात होता. त्याच मुलखातील निर्मल हे गाव लाकडावरील रंगकामासाठी ख्यातनाम आहे. त्या रंगाचे मर्म मात्र रंगाखाली दडलेले आहे.

२/ निर्मलची खेळणी पोणिकी या हलक्या, मऊ लाकडाची असतात. चिंचोक्याची खळ व लाकडाचा भुसा यांच्या लगद्याने कारागीर सांधे जोडतात. त्यावर पांढऱ्या मातीचा लेप देतात. तो वाळला की घासून गुळगुळीत करतात. रंगाची पाळी त्यानंतर येते.

३/ एवढा खटाटोप कशासाठी? लाकूड हवेतील ओलावा शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. उघड्या रंध्रांत रंग कुठे अधिक मुरतो, कुठे कमी. अस्तर ही रंध्रे बुजवते आणि रंगाला आधार देते. प्राचीन इजिप्तच्या लाकडी शवपेट्यांवरही चित्रांखाली खडूची वा जिप्समची पूड आणि सरस यांचा असाच थर आढळतो.

४/ घरातील कपाटाचा क्रमही याहून फारसा वेगळा नाही. काचकागदाने घासल्यावर धूळ ओलसर फडक्याने टिपावी व लाकूड पूर्ण वाळू द्यावे. मग प्रायमरचा हात, खिळ्यांच्या भोकांत लांबी, पुन्हा बारीक कागद आणि शेवटी रंग. धूळ राहिल्यास रंग तिलाच धरतो आणि तिच्यासकट पापुद्र्याने सुटतो.

५/ एक सावधगिरी आवश्यक. जुन्या तैलरंगांत शिसे असू शकते. भारतात घरगुती रंगांतील शिशाला दहा लाख भागांत ९० भाग ही मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधी रंगवलेले कपाट कोरडे घासू नये. वॉटर पेपर भिजवून घासावे, तोंडावर योग्य मास्क असावा आणि मुलांना दूर ठेवावे. शिशाची धूळ बालकांच्या मेंदूच्या वाढीस घातक ठरते.

६/ संवर्धक रंगाचा सूक्ष्म छेद घेऊन थर मोजतात. सर्वांत खालचा थर सर्वांत जुना. मधला काजळीचा पट्टा म्हणजे चुलीच्या धुराची वर्षे. पूर्ण खरवडलेल्या कपाटातून हा पुरावा कायमचा जातो. म्हणून दाराच्या आतील बाजूचा, हात न लागणारा एक चांगला टिकलेला कोपरा तसाच राखावा. घराचा इतिहास सांगणारे एवढेच पान कदाचित पुढील पिढीच्या हाती उरेल.