माजघरांतील उजेड

मालवणच्या किनाऱ्यावर घराचा आराखडा पूर्वीं उजेडासाठीं नव्हे, पावसासाठीं आंखला जाई. जूनपासून सप्टेंबरपर्यंत नैर्ऋत्येचा वारा समुद्रावरून पाऊस आडवा आणतो, आणि जांभ्याचा सच्छिद्र चिरा तें पाणी पितो. म्हणून पश्चिमेस खिडक्या थोड्या व लहान, आणि वळचण पडवीपुढें चांगली खालीं उतरलेली असे.

खळें, पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर असा एकामागें एक क्रम होता. वारा व उजेड ओटीवर बसणाऱ्या पुरुषांच्या वांट्यास येत. माजघरांत भर दुपारींही दिवा लागे. चुलीच्या धुरामुळें वाशांस कीड लागत नाहीं, असें वडीलधारे कौतुकानें सांगत. तोच धूर रांधणारीच्या डोळ्यांत जाई, याची वाच्यता क्वचितच होई.

पालट झाला तो खिडकीनें नव्हे, छपरानें. १८६५ सालीं बासेल मिशनच्या प्लेब्स्ट नांवाच्या जर्मन गृहस्थानें मंगळूरास कौलांचा कारखाना काढला. पुढें साच्यांतलीं तीं कौलें पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पसरलीं. गवताच्या छपरांत हें शक्य नव्हतें. पण एका मापाच्या कौलांत मध्येंच काचेचें कौल बसवितां येऊं लागलें, आणि भिंत न फोडतां चुलीवर उजेड पडला.

आज समुद्र दिसावा म्हणून पश्चिमेस रुंद खिडक्या ठेवतात व पावसाळ्यांत त्यांवर प्लॅस्टिक बांधतात. पूर्वीं त्या बाजूस विणलेलीं चुडतें बांधीत. पावसाचा मारा जिच्यावर कमी, ती पूर्वेची भिंत स्वयंपाकघरास द्यावी, हें आराखडा काढतांना अजूनही पुष्कळांस सुचत नाहीं.