कॅफिन काढा, कॉफी राहू द्या

१८१९ साली जर्मनीतल्या येना शहरात फ्रीडलीब रुंगे हा विशीतला रसायनशास्त्रज्ञ काखेत मांजर घेऊन महाकवी गटेंच्या भेटीला गेला. बेलाडोनाचा अर्क डोळ्यात घातला की बाहुली कशी विस्फारते, हे त्याला त्या मांजरावर दाखवायचं होतं. प्रयोग गटेंना फार आवडला. निघताना त्यांनी रुंगेच्या हातावर कॉफीच्या दाण्यांची डबी ठेवली आणि यात काय दडलंय तेही पाहा, असं सुचवलं. रुंगेने ते मनावर घेतलं आणि थोड्याच काळात दाण्यांतून पांढरं, कडू द्रव्य वेगळं केलं. तेच कॅफिन.

ते सापडलं खरं, पण कॅफिन काढून उरलेली कॉफी पिण्याजोगी ठेवायला आणखी ऐंशीहून अधिक वर्षं जावी लागली. हे काम अंगावर घेतलं ब्रेमेन बंदरातल्या लुडविग रोझेलियस या कॉफीच्या व्यापाऱ्याने. त्याचे वडील कॉफी चाखून पारखणारे. ते गेले तेव्हा मुलाने त्याचं खापर अतिरिक्त कॉफीवर फोडलं. पुढे समुद्राच्या पाण्यात भिजलेला माल त्याच्या हाती आला. त्यातलं बरंच कॅफिन निघून गेलं होतं आणि चव मात्र टिकून होती, अशी कथा सांगतात. १९०६ साली त्याने 'काफे हाग' ही कंपनी काढली. वाफेवर दाणे फुगवायचे, बेंझीनने त्यातलं कॅफिन ओढून घ्यायचं, मग पुन्हा वाफ देऊन बेंझीन उडवून लावायचं, अशी त्याची रीत होती. आरोग्यासाठी म्हणून विकलेली ही कॉफी ज्या बेंझीनने धुतली जायची, ते रक्ताच्या कर्करोगाला कारण ठरतं, हे पुढे सिद्ध झालं. त्याच्या जागी ट्रायक्लोरोएथिलीन आलं, तेही १९७०च्या दशकात संशयावरून मागे पडलं. त्यानंतरचं डायक्लोरोमिथेन आजही अनेक कारखान्यांत वापरात आहे.

खरी अडचण कॅफिन काढण्याची नव्हतीच. ते गरम पाण्यातही सहज उतरतं. अडचण होती बाकीचं सगळं जागेवर ठेवण्याची. कॉफीचा ओळखीचा सुगंध कच्च्या हिरव्या दाण्यात नसतो. शर्करा, अमिनो आम्लं, क्लोरोजेनिक आम्लं भट्टीत तापली की तो तयार होतो. कॅफिन कडू असलं, तरी कॉफीच्या एकूण कडवटपणात त्याचा वाटा लहान. म्हणून नुसतं कॅफिन गेल्याने चवीचं फारसं बिघडत नाही. त्याच्यासोबत ही द्रव्यं वाहून गेली, की कप पांचट लागतो. साध्या पाण्यात दाणे भिजवले तर नेमकं हेच होतं.

यावर स्वित्झर्लंडमध्ये निघालेला तोडगा हा या सगळ्या इतिहासातला सर्वांत देखणा. त्यात पहिल्या खेपेच्या दाण्यांचा बळी जातो. गरम पाण्यात ते इतके भिजवतात, की कॅफिन आणि चवीची द्रव्यं दोन्ही पाण्यात उतरतात. मग दाणे टाकून देतात आणि पाणी ठेवतात. हे पाणी सक्रिय कोळशातून गाळलं, की कॅफिन कोळशाला धरून राहतं आणि बाकीचं पुढे जातं. आता या पाण्यात कॉफीचं सगळं असतं, नसतं फक्त कॅफिन. त्यात दुसऱ्या खेपेचे दाणे सोडले, की त्यांतल्या शर्करेला बाहेर पडायला वावच राहत नाही, कारण बाहेरही ती तेवढीच आहे. तफावत उरते ती एकट्या कॅफिनची, म्हणून तेच तेवढं बाहेर झिरपतं. पाणी पुन्हा कोळशातून, पुन्हा दाण्यांवर, असं काही तास फिरत राहतं आणि अखेरीस ९९.९ टक्के कॅफिन गेलेलं असतं. १९८८ साली कॅनडात व्हँकुव्हरजवळच्या बर्नाबी इथे याचा कारखाना उभा राहिला. 'स्विस वॉटर' हे नाव मात्र कायम राहिलं.

दरम्यान जर्मनीतल्या म्यूलहाइमच्या कोळसा संशोधन संस्थेत कुर्ट झोसेल यांना १९६७ साली वेगळीच वाट सापडली होती. कार्बन डायऑक्साइड ३१ अंश सेल्सियसच्या वर आणि सुमारे ७४ पट वातावरणीय दाबाच्या पुढे नेला, की तो वायूसारखा दाण्यात शिरतो आणि द्रवासारखा कॅफिन विरघळवून आणतो. शर्करा आणि प्रथिनांना तो जवळपास हात लावत नाही. त्यासाठी दाणे आधी ओले करावे लागतात. चवीच्या दृष्टीने ही पद्धत उत्तमच, पण एवढा दाब पेलणारी पोलादी पात्रं मोठ्या कारखान्यांनाच परवडतात.

पद्धत कुठलीही असो, कॅफिन काढलेला दाणा हिरवा राहत नाही, तपकिरी होतो. रंगावरून भाजणी जोखणाऱ्याची त्यामुळे फसगत होते. शिवाय दाण्याची रचना सैल झालेली असते, त्यामुळे तो लवकर करपतो. डिकॅफ, म्हणजे कॅफिन काढलेली कॉफी, बेचव असते हा समज पसरण्यात या निष्काळजी भाजणीचा हात आहेच, आणि बराचसा दोष कच्च्या मालाचाही आहे; वर्षानुवर्षं या कामाला हलका, जुना माल वापरला गेला. कोलंबियातल्या मानिझालेस शहरात आता उसापासून मिळवलेलं इथाइल अॅसिटेट वापरून, कॉफीच्या मळ्यांच्या मुलखातच कॅफिन काढतात. बियांना आधी समुद्र ओलांडून दुसऱ्या देशातल्या कारखान्यात जावं लागत नाही, आणि ताज्या हंगामाचा चांगला मालही डिकॅफच्या वाट्याला येऊ शकतो.