येरवडा ते ससून, जानेवारी १९२४ : निदानातील अनिश्चितता आणि वैद्यकीय निर्णय

प्रस्तावना :

तातडीच्या वैद्यकसेवेत काम करणाऱ्या डॉक्टरला बहुधा अपुऱ्या माहितीवर निर्णय घ्यावा लागतो. रुग्ण अनोळखी असतो, त्याचा पूर्वेतिहास अर्धवट कळतो, तपासण्यांचे निष्कर्ष हाती यायचे असतात आणि वेळ मात्र थांबत नाही. भारतात 'इमर्जन्सी मेडिसीन' या विषयाला स्वतंत्र वैद्यकीय शाखा म्हणून मान्यता २००९ मध्ये मिळाली. परंतु अनिश्चितता बाळगून निर्णय घेण्याचा प्रश्न त्याहून कितीतरी जुना आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रेने फॉक्स यांनी १९५७ मध्ये वैद्यकीय शिक्षणाचे वर्णन 'अनिश्चिततेसाठीचे प्रशिक्षण' असे केले, तेव्हा त्यांनी एका जुन्याच वास्तवाला नाव दिले.

प्रस्तुत लेखात पुण्याच्या येरवडा कारागृहातील एका सुपरिचित घटनेचा या दृष्टीने विचार केला आहे. जानेवारी १९२४ मध्ये महात्मा गांधींवर झालेल्या आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेचा उल्लेख राजकीय इतिहासात प्रामुख्याने त्यांच्या मुदतपूर्व सुटकेचे कारण म्हणून येतो. वैद्यकीय निर्णयाच्या इतिहासातील तिचे स्थान मात्र फारसे चर्चिले गेलेले नाही.

तत्कालीन वैद्यकीय ज्ञान :

आंत्रपुच्छदाह, म्हणजे अपेंडिसायटिस, हे नाव बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी १८८६ मध्ये रूढ केले. १८८९ मध्ये न्यूयॉर्कच्या चार्ल्स मॅकबर्नी यांनी पोटाच्या उजव्या खालच्या भागातील वेदनेचा नेमका बिंदू दाखवून दिला. तरीही शस्त्रक्रिया केव्हा करावी, याबाबत दीर्घकाळ एकमत नव्हते. जून १९०२ मध्ये इंग्लंडचे राजे सातवे एडवर्ड यांचा राज्याभिषेक दोन दिवसांवर आला असताना याच व्याधीमुळे तो पुढे ढकलावा लागला. सर फ्रेडरिक ट्रीव्ह्ज यांनी त्या वेळी पू काढून टाकला, आंत्रपुच्छ मात्र काढले नाही. १९२१ मध्ये झॅकरी कोप यांचा पोटातील तीव्र विकारांच्या लवकर निदानाविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. उशीर हाच मोठा शत्रू आहे, ही जाणीव तोपर्यंत दृढ होत चालली होती.

१९२४ मध्ये अल्ट्रासाउंड नव्हते आणि सीटी स्कॅनही नव्हते. निदानाचा मुख्य आधार रुग्णाचे कथन आणि डॉक्टरची बोटे हाच होता. त्यातही पोटदुखी व ताप ही लक्षणे विषमज्वरासारख्या अन्य व्याधींतही आढळतात. दुसरीकडे, आंत्रपुच्छ फुटून पोटात पू पसरला तर तो आटोक्यात आणणारी औषधे नव्हती. सल्फा औषधे १९३० च्या दशकात आणि पेनिसिलिन त्याही नंतर उपयोगात आले. म्हणजे चुकीचे निदान करून पोट उघडणे धोक्याचे होते आणि योग्य निदानाची वाट पाहत थांबणेही धोक्याचे होते.

घटनाक्रम :

१८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादच्या न्यायालयाने गांधींना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा सुनावली आणि त्यानंतर त्यांना येरवड्यास हलवण्यात आले. जानेवारी १९२४ मध्ये त्यांना पोटाचा तीव्र विकार जडला. पुण्याचे सर्जन कर्नल मॅडॉक यांनी त्यांना तपासले आणि १२ जानेवारी रोजी त्यांना कारागृहातून मुळा-मुठेपलीकडच्या ससून रुग्णालयात आणण्यात आले. आंत्रपुच्छदाहाचे निदान झाले होते व तत्काळ शस्त्रक्रिया करावी असे मॅडॉक यांचे मत होते.

गांधींच्या परिचयाचे डॉक्टर बोलावण्याची तयारी दाखवण्यात आली. मुंबईचे डॉ. दलाल आणि बडोद्याचे डॉ. जीवराज मेहता यांची नावे पुढे आली. यांपैकी दलाल यांनी १९१९ मध्ये गांधींवर शस्त्रक्रिया केलेली होती. परंतु दोघेही वेळेत पोहोचणे शक्य नव्हते. पुण्यातील डॉ. फाटक आणि भारत सेवक समाजाचे अध्यक्ष व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री यांना रुग्णाच्या इच्छेनुसार बोलावण्यात आले. शास्त्री हे नेमस्त आणि असहकाराच्या धोरणाचे विरोधक होते, ही बाब येथे लक्षणीय आहे. त्यांच्या साहाय्याने एक निवेदन तयार झाले. स्वतःच्या डॉक्टरांची वाट पाहणे धोक्याचे असल्याचे आपणास समजावून सांगितले आहे आणि मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया करण्यास आपली संमती आहे, असा त्याचा आशय होता. गांधींनी थरथरत्या हाताने त्यावर सही केली.

शस्त्रक्रिया रात्री झाली. ती चालू असतानाच वादळामुळे वीजपुरवठा खंडित झाला, विजेरीही निकामी झाली आणि अखेरचा भाग कंदिलाच्या प्रकाशात पूर्ण करावा लागला, असे चरित्रकारांनी नोंदविले आहे. पुढे जखमेच्या जागी गळू होऊन प्रकृती सुधारण्यास विलंब लागला. ५ फेब्रुवारी १९२४ रोजी सरकारने गांधींची बिनशर्त सुटका केली.

निर्णयाचे विश्लेषण :

१९८० मध्ये पॉकर व कॅसिरर या अमेरिकन वैद्यकतज्ज्ञांनी 'उंबरठ्या'ची संकल्पना मांडली. निदान पूर्ण निश्चित झाल्यावरच उपचार करावेत असे नाही. उपचारातील धोका आणि उपचार न करण्यातील धोका यांची तुलना करून संभाव्यता एका उंबरठ्यापलीकडे गेली की कृती करावी, असा तिचा आशय आहे. मॅडॉक यांच्याकडे ही परिभाषा नव्हती. तर्क मात्र हाच होता. फुटलेल्या आंत्रपुच्छावर औषध नसलेल्या काळात तो उंबरठा खाली आलेला होता. सीटी स्कॅन सर्वत्र येण्यापूर्वी शस्त्रक्रियेत आंत्रपुच्छ निरोगी आढळण्याचे सुमारे १५ ते २० टक्के प्रमाण शल्यविशारद क्षम्य मानीत, त्यामागेही हाच हिशेब होता.

तथापि प्रस्तुत लेखकाच्या मते या घटनेचे महत्त्व केवळ या हिशेबात नाही. त्या संध्याकाळी तीन गोष्टी झाल्या. थांबण्यातील धोका रुग्णाला स्पष्टपणे सांगितला गेला. निर्णयाच्या वेळी रुग्णाच्या विश्वासातील माणसे उपस्थित होती. आणि काय माहीत होते, कोणता पर्याय उपलब्ध नव्हता, याची लेखी नोंद झाली. या तिन्ही गोष्टींनी अनिश्चितता कमी झाली नाही, परंतु तिचा भार एकट्या डॉक्टरवर राहिला नाही. शस्त्रक्रिया फसली असती तरी निर्णय प्रामाणिक होता की नाही, हे तपासण्याचे साधन मागे उरले असते. परिणामावरून निर्णयाची पारख करण्याच्या आपल्या सवयीला हा एक उतारा आहे.

मर्यादा :

या घटनेचा आदर्श म्हणून विचार करताना सावधगिरी आवश्यक आहे. कैद्याचा मृत्यू इंग्रज सर्जनच्या हातून झाला असता तर देशभर संशयाचे वादळ उठले असते, याची जाणीव सर्वांनाच होती. संमतीपत्रामागे रुग्णहिताइतकीच ही राजकीय भीतीही होती. त्याच कारागृहातील एखाद्या सामान्य कैद्यासाठी शहरातील मान्यवर साक्षीदार बोलावले गेले असते, असे मानण्यास आधार नाही. 'हिंद स्वराज्य' या १९०९ च्या पुस्तकात डॉक्टर व रुग्णालये यांवर कठोर टीका करणाऱ्या गांधींनी शस्त्रक्रिया स्वीकारली, ही विसंगतीही नोंदवली पाहिजे.

शिवाय प्रत्येक वेळी विचारविनिमयाला अवकाश मिळतोच असे नाही. १५ ऑगस्ट १९४२ रोजी येरवड्याजवळच्याच आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असलेले महादेवभाई देसाई अचानक कोसळले. डॉ. सुशीला नय्यर तेथेच होत्या, तरीही काही वेळातच महादेवभाईंचे निधन झाले. वयाची ५० वर्षे पूर्ण झालेल्या या माणसासाठी डॉक्टर जवळ असूनही साधन नव्हते. बाहेरून छाती दाबून हृदय चालू ठेवण्याची पद्धत १९६० मध्ये प्रसिद्ध झाली. १९२४ मध्ये प्रश्न काय करावे हा होता, तर १९४२ मध्ये करण्यासारखे काही हाताशी नव्हते. दोन्ही प्रसंगी डॉक्टरला मात्र त्या दिवसानंतर आपल्या निर्णयासह जगायचे होते.

समारोप :

आज तपासणीची साधने वाढली आहेत, तथापि अनिश्चितता संपलेली नाही, ती केवळ पुढे सरकली आहे. अधिक तपासण्या मागवून ती टाळता येते, हा समज रुग्णाला खर्चात आणि डॉक्टरला भयात टाकतो. येरवड्याच्या घटनेवरून असे दिसते की 'मला खात्री नाही, पण थांबणे अधिक धोक्याचे आहे' हे वाक्य डॉक्टरला कमीपणा आणत नाही. ते सांगणे, ऐकणाऱ्याला प्रश्न विचारू देणे आणि लिहून ठेवणे, हा वैद्यकीय कौशल्याचाच भाग आहे. १९२४ मध्ये हा शिष्टाचार एका असामान्य कैद्याच्या वाट्याला आला. तो अपघात विभागाच्या दारात उभ्या असलेल्या कोणत्याही रुग्णाच्या वाट्याला यावा, एवढे वैद्यकीय शिक्षणाने साध्य केले तरी या इतिहासाचे सार्थक होईल.