वाडी रत्नागिरीचीं तळीं

कोल्हापुरांत सुट्टीचा दिवस आला, कीं घरोघर एकच विचार चालतो : मुलांमाणसांना घेऊन कोठें तरी उंचावर जावें, जेथें वारा असेल, चालावयास सोपी वाट असेल आणि घटकाभर बसावयास पाण्याचा कांठ असेल. कोणी पन्हाळा गांठतो, कोणी महाबळेश्वरापर्यंत धांव घेतो. जोतिबाच्या डोंगराचें नांव या विचारांत सहसा येत नाहीं. तेथें जावयाचें तें दर्शनाला, अशी समजूत रूढ झाली आहे. मोटार थेट वरपर्यंत जाते. गुलालानें रंगलेल्या पायऱ्या उतरून माणूस देवासमोर उभा राहतो, नारळ-खोबरें वाहतो आणि घटका दोन घटकांत पुन्हां खालीं येतो. या डोंगरावर दोन मोठीं बांधीव तळीं आहेत, त्यांखेरीज कुंडें आणि विहिरी आहेत, आणि कोल्हापुराहून तेथपर्यंत पिढ्यानुपिढ्या तुडविलेली एक पायवाट आहे, हें त्याच्या गांवींही नसतें.

डोंगर कोल्हापूरच्या वायव्येस सुमारें १८ किलोमीटरांवर आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारें ३,१०० फूट; परंतु सभोंवारच्या शेतांतून पाहतां तो हजारएक फुटांनींच वर उठतो, आणि तोही शेंडा कापलेल्या शंकूसारखा. म्हणून चढ दमविणारा नाहीं. माथ्यावरील गांवाचें नांव वाडी रत्नागिरी. कोंकणांतील रत्नागिरीशीं या नांवाचा घोटाळा करूं नये. केदारनाथानें येथें रत्नासुराचा वध केला, म्हणून हा रत्नागिरी, अशी स्थानिक कथा आहे. भूगोलाच्या दृष्टीनें हा पन्हाळ्याच्या रांगेचाच पूर्वेकडे सरकलेला एक सुटा तुकडा होय. या रांगेंत काळा कातळ खालीं आणि कोठें कोठें जांभा वर अशी रचना आढळते. जांभा सच्छिद्र असल्यामुळें पावसाचें पाणी पितो. खालचा कातळ तें सहसा पुढें जाऊं देत नाहीं. मग दोहोंच्या सांध्याशीं पाणी झऱ्याच्या रूपानें बाहेर पडतें. डोंगराच्या कुशींत गायमुखासारखीं पाणवठ्याचीं ठिकाणें कां असतात, याचें उत्तर या साध्या व्यवस्थेंत आहे.

परंतु झऱ्यांनीं सर्व गरज भागत नसे, आणि ती कां भागत नसे हें समजण्यासाठीं पंचांग उघडलें पाहिजे. जोतिबाची मोठी यात्रा चैत्री पौर्णिमेची. त्या दिवशीं महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांतून आणि कर्नाटकांतून लाखों लोक येतात. साताऱ्याकडील पाडळीची सासनकाठी अग्रमानाची. असे उंच वेळू, वस्त्रांनीं सजविलेले, माणसें अंगावर पेलून नाचवीत वर आणतात. “चांगभलं”च्या गजरांत गुलालाचे ढग उठतात. आतां हा सण कोणत्या ऋतूंत येतो तें पाहावें. या प्रांतांत मोठा पाऊस आश्विनाच्या सुमारास आटोपतो. चैत्री पौर्णिमेपर्यंत सहा महिने कोरडे गेलेले असतात, झरे बारीक झालेले असतात आणि ऊन माथ्यावर आलेलें असतें. म्हणजे वर्षांतील सर्वांत मोठा जमाव नेमका वर्षांतील सर्वांत कमी पाण्याच्या दिवसांत डोंगरावर जमतो. देवाचा सण पुढेंमागें करितां येत नाहीं. तेव्हां पाणीच राखून ठेवणें भाग होतें. जोतिबावरील तळ्यांकडे केवळ पुण्यकृत्य म्हणून न पाहतां या हिशेबानें पाहिलें, म्हणजे तीं बांधणाऱ्यांची दूरदृष्टि ध्यानांत येते.

बांधणारे कोण, याची माहिती बऱ्यापैकीं उपलब्ध आहे. मूळचें देऊळ नावजी नांवाच्या भक्तानें उभारलें, अशी परंपरा सांगते. त्या जागीं सध्यांचें मोठें देऊळ राणोजी शिंदे यांनीं इ. स. १७३० मध्यें बांधिलें. राणोजी हे साताऱ्याकडील कण्हेरखेडचे. ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याचे मूळ पुरुष. जोतिबा हें त्यांचें कुलदैवत. चोपडाईचें देऊळ प्रीतिराव हिंमतबहाद्दर यांचें, इ. स. १७५० चें, रामलिंगाचें लहान देऊळ मालजी निळम पन्हाळकर यांनीं सुमारें १७८० मध्यें बांधिलें. केदारेश्वराचें उंच शिखराचें देऊळ दौलतराव शिंदे यांचें, १८०८ मधील. या देवळांचा काळा, घट्ट दगड याच डोंगराचा आहे.

दौलतरावांच्या या सालापाशीं क्षणभर थांबावें. १८०३ मध्यें असईची लढाई होऊन गेली होती. दिल्ली, आग्रा आणि अंतर्वेदीचा मुलूख हातचा गेला होता. सुर्जी-अंजनगांवच्या तहावर सही झाली होती. ज्या सरदाराची दौलत अशी उतरणीस लागली, त्याच्या खजिन्यांतून पांच वर्षांनीं शेंकडों कोसांवरील एका दक्षिणी डोंगरावर दगडावर दगड चढत होते. यास कोणी व्यसन म्हणेल, कोणी श्रद्धा. इतिहासकारानें एवढेंच म्हणावें कीं, राजकारणांत हरलेल्या माणसाचें हें काम अद्याप उभें आहे.

तथापि देवळांच्या शिखरांकडे पाहणाऱ्यांचें लक्ष तळ्यांकडे जात नाहीं, ही खरी उणीव. मुख्य देवळाच्या आवाराबाहेर थोड्या अंतरावर यमाईचें देऊळ आहे. त्याच्या समोर तीं दोन तीर्थें. एकास जमदग्नितीर्थ म्हणतात. तें राणोजींनींच बांधिलें. दुसरें सुमारें १७४३ मध्यें जिजाबाईसाहेबांनीं बांधिल्याचें सांगतात. या जिजाबाई म्हणजे करवीरचे दुसरे संभाजीमहाराज यांच्या राणी. पतीच्या मृत्यूनंतर १७६० पासून १७७३ पर्यंत राज्याचा गाडा ज्यांनीं स्वतः हांकला, त्या. त्या काळीं करवीरची राजधानी पन्हाळ्यावर होती, आणि जोतिबाचा डोंगर तेथून समोर दिसतो. गडावर राहणाऱ्या माणसाला पाण्याचें मोल निराळें शिकवावें लागत नाहीं. चैत्री पौर्णिमेस देवाची पालखी याच यमाईच्या देवळाकडे जाते आणि तेथें यमाई व जमदग्नि यांच्या विवाहाचा सोहळा होतो. यमाई म्हणजे रेणुका, असें भाविक मानतात. म्हणून तीर्थासही तिच्या पतीचें नांव. पायवाटेनें वर आलेला घामाघूम यात्रेकरू, लग्नाचें वऱ्हाड आणि पाण्यानें भरलेलीं तळीं, या तिन्हींची गांठ एकाच जागीं घातलेली आहे.

या पायवाटेचा इतिहास जितका मनोरम, तितकाच आजच्या विषयास जवळचा. माघ महिन्यांतील रविवारीं कोल्हापूरकर जोतिबास पायीं जातात. त्यांस ‘खेटे’ म्हणतात. कथा अशी : रत्नासुराचा वध करून केदारनाथ हिमालयाकडे परत निघाले, तेव्हां करवीरची अंबाबाई अनवाणी चालत गेली आणि तिनें त्यांना येथेंच राहावें म्हणून विनविलें. तिच्या त्या चालण्याची आठवण म्हणून हे खेटे. पहांटे पंचगंगेवर स्नान करावें, पूल ओलांडावा, वडणगें, निगवें आणि कुशिरें हीं गांवें घ्यावीं, गायमुखाशीं विसांवा घ्यावा आणि माथा गांठावा, असा हा क्रम. माघांत थंडी सरत आलेली, ऊन अद्याप कोंवळें, शिवारांत ऊंस उभा. पांचही रविवार पाळणारे पाळतात. पण एकच खेटा करणारीं पोरेंही असतात, आणि त्यांच्या पायांना भक्तीपेक्षां उत्साहाचाच जोर अधिक असतो. पूर्वजांनीं हौसेला व्रताचें वस्त्र नेसविलें, असें म्हटल्यास देव रागावणार नाहीं.

पाश्चात्त्य देशांत डोंगरांत मौजेसाठीं चालणें ही गोष्ट दीड-दोनशें वर्षांत भरास आली. अमेरिकेनें १८७२ मध्यें यलोस्टोनचा प्रदेश, त्यांतील सरोवरासह, लोकांच्या विहारासाठीं राखून ठेविला आणि राष्ट्रीय उद्यानांची प्रथा पाडली. इंग्लंडांत माळरानें जमीनदारांनीं शिकारीसाठीं अडविलेलीं. म्हणून १९३२ च्या एप्रिलांत किंडर स्काउट नांवाच्या पठारावर शेंकडों तरुण मजूर मुद्दाम बंदी मोडून चालले, आणि त्यांपैकीं कांहींना त्यापायीं तुरुंगवास घडला. चालण्याच्या हक्कासाठीं तुरुंग! वडणग्याच्या शेतकऱ्यानें खेट्याला आलेल्या माणसाला बांधावरून हुसकल्याचें कोणी ऐकिलें नसेल. उलट वाटेंत पाणी, चहा, फराळ पुढें करण्याची चढाओढ असते. चैत्रयात्रेंत गायमुखापाशीं अन्नछत्र चालतें. देवाच्या नांवानें पडलेली वाट सर्वांची, हा अलिखित कायदा येथें पूर्वीपासून चालत आला आहे.

आपल्याकडे डोंगरावरील तलावाची मौज म्हटली, कीं महाबळेश्वरचा वेण्णा तलाव डोळ्यांपुढें येतो. तो सातारचे शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज यांनीं १८४२ मध्यें करविला. तेथें नावा आहेत, घोडीं आहेत, मक्याचीं कणसें आहेत. आणि त्यांत वाईट कांहींच नाहीं. परंतु तेथील पाहुणा पाण्याचा उपभोग घेण्यास जातो. जोतिबाचा यात्रेकरू पाण्याचा आश्रय घेत असे. दोहोंत फरक आहे, आणि तो तळ्याच्या घडणींतही दिसतो. वेण्णेचा कांठ फिरावयास केला आहे. जोतिबाच्या तीर्थांच्या पायऱ्या पाण्यापर्यंत उतरून ओंजळ भरावयास केल्या आहेत.

ज्यांना अर्ध्या दिवसांत ही सर्व भूमि पायांखालून घालावयाची असेल, त्यांनीं जोतिबाशींच थांबूं नये. डोंगराच्या पायथ्याशीं पोहाळें गांवाजवळ कातळांत कोरलेलीं लेणीं आहेत. बौद्ध भिक्षूंना पावसाळ्याचे महिने एका जागीं राहण्याचा नियम होता. खांबांचा मंडप आणि भोंवतीं लहान खोल्या, हा विहार त्याच सोयीचा. म्हणजे निवाऱ्यासाठीं या डोंगराकडे माणूस येऊं लागला, तो शिंद्यांच्याही फार आधीं. दुसऱ्या बाजूस दानेवाडीवरून पन्हाळ्याकडे जातां येतें. पन्हाळा शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळापासून नांवाजलेला. १६६० मधील सिद्दी जौहरचा वेढा आणि बाजीप्रभूंचें बलिदान मुलांना पाठ असतें. पण तोच गड पाण्याच्या दृष्टीनें पाहावा. तीन मजली अंधारबाव ही विहीर आहे आणि चौकीही आहे. शत्रूनें पाण्यांत विष कालवूं नये, म्हणून पाण्यावरच पहारा बसविलेला. सोमेश्वराच्या देवळाशीं सोमाळें तळें आहे. शिवाजीमहाराजांनीं आणि त्यांच्या मावळ्यांनीं या देवास लक्ष चांफ्याचीं फुलें वाहिलीं, अशी आख्यायिका आहे. सादोबाचें तळें आहे, आणि सावलींत बसावयाचें असेल तर तबक उद्यान आहे. १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर इंग्रजांनीं गडाची पुष्कळ मोडतोड केली. तळीं मात्र राहिलीं. तटाला शत्रु असतो, तळ्याला बहुधा आळसच शत्रु असतो.

आणि जोतिबाच्या तळ्यांना आज तोच शत्रु आहे. नळ आला, मोटार आली, आणि तळ्यावर कोणाचें पोट अवलंबून राहिलें नाहीं. जें पाणी प्यावयाचें नाहीं, त्यांत निर्माल्य टाकतांना हात अडखळत नाहीं. प्लॅस्टिकची पिशवी टाकतांना तर मुळींच नाहीं. पायरीवर गुलाल सांडला तर तो देवाचा. पण तोच तळ्यांत उतरून सांचला, म्हणजे त्याला गाळ म्हणतात. पन्हाळ्याचें भाग्य उजळलें आहे. जुलै २०२५ मध्यें मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची नोंद युनेस्कोच्या जागतिक वारशांत झाली आणि त्यांत पन्हाळा आहे. त्याच वर्षीं राज्य शासनानें जोतिबाच्या विकासासाठीं सुमारें २५९ कोटी रुपयांच्या आराखड्यास मान्यता दिली. एवढ्या रकमेंत रस्ते, वाहनतळ आणि इमारती यांना वाटा मिळेल यांत संशय नाहीं. त्या आराखड्याचें यश मोजावयाचें असेल, तर तें वाहनतळांत किती गाड्या मावल्या यावरून मोजूं नये. चैत्री पौर्णिमेच्या दुपारीं जिजाबाईंच्या तळ्यांत किती पाणी आहे, आणि तें हातांत घ्यावेंसें वाटतें कीं नाहीं, यावरून मोजावें. गाळ काढणें, वरून येणारे ओहोळ मोकळे ठेवणें, पायऱ्या सांधणें, एवढीं कामें. त्यांस कोटींचे आंकडे लागत नाहींत, माणसें लागतात.

कुटुंबासह चालावयाचें असल्यास आश्विन-कार्तिक हे महिने उत्तम. पावसानें भरलेलीं तळीं तेव्हां कांठोकांठ असतात, गवत अजून हिरवें असतें आणि यात्रेची दाटी नसते. मोटार कुशिऱ्यास सोडावी, गायमुखावरून पायीं चढावें, लहान मुलांना मध्येंच दोनदां बसूं द्यावें. वर पोंचल्यावर आधीं यमाईकडे वळून हातपाय धुवावे आणि मग देवळांत जावें. जुना यात्रेकरूही पाण्याला भेटूनच देवाच्या दारीं जात असे.