सेलांचं वाळवण

नवी वस्तू घरात आली की जुनीचं काय करायचं, हा प्रश्न आमच्या नागपूरकडे कुणाला फारसा पडत नाही, कारण घराला माळा असतो. मिक्सर आला म्हणून पाटा-वरवंट्याला कोणी हाकलून दिलं नाही. गॅस आला तरी स्टोव्ह आपल्या पिना आणि वॉशर यांच्यासह पुढची दहा वर्षं हजेरीपटावर होता. नव्या कूलरच्या मागे जुन्या कूलरचा सांगाडा उभा नाही, असं घर दाखवा आणि शेरभर संत्री घेऊन जा. ‘राहू दे, कधी कामी येईल’ हे आमचं घरगुती तत्त्वज्ञान आहे. आणि खरं सांगायचं तर ते कामी येतंही.

या तत्त्वज्ञानाचा एक मोठा आचार्य जपानात होऊन गेला, हे मात्र मला फार उशिरा कळलं. त्याचं नाव गुनपेई योकोई. क्योतो शहरात १८८९ साली पत्ते तयार करण्यासाठी सुरू झालेली निन्टेंडो नावाची कंपनी होती. तिथे हा गृहस्थ १९६५ साली यंत्रांची देखभाल करायला लागला. काम थोडं आणि वेळ पुष्कळ, ही शोध लागण्यासाठी फार पोषक परिस्थिती. आपल्याकडेही ती अनेक कचेऱ्यांत आढळते, पण आपल्याकडे तिच्यातून चहा निघतो. योकोईच्या हातून एक लांब होणारा खेळण्यातला हात निघाला. मालकाने तो पाहिला आणि रागावण्याऐवजी बाजारात आणला.

पुढे एकदा आगगाडीत एक कंटाळलेला प्रवासी कॅल्क्युलेटरची बटणं उगाचच दाबत बसलेला त्याला दिसला. त्यावरून १९८० साली खिशात मावणारे खेळ निघाले आणि १९८९ साली, म्हणजे कंपनीच्या शंभरीला, गेम बॉय आला. योकोईचा सिद्धान्त असा, की खेळण्यासाठी नवं, महागडं तंत्र वापरू नये. जुनं झालेलं, स्वस्त झालेलं, ज्याच्या सगळ्या खोड्या माहीत झाल्या आहेत, असं ‘वाळलेलं’ तंत्र घ्यावं आणि त्याचा नवा उपयोग शोधावा. जपानी भाषेतला त्याचा शब्द खरोखरच वाळलेल्या झाडासाठी वापरतात तो आहे. विदर्भातल्या कुठल्याही गृहिणीला हा सिद्धान्त समजावून सांगावा लागणार नाही. ती उन्हाळ्यात गच्चीवर दुसरं काय करते? कुरड्या, पापड, मुगवड्या. ताज्या भाजीला जे जमत नाही ते वाळवणाला जमतं. ते टिकतं.

गेम बॉय हे असं वाळवण होतं. रंग नाहीत. हिरवट पडद्यावर करड्या रंगाच्या चारच छटा. पडद्यामागे दिवाही नाही. त्याच वर्षी अमेरिकेत अटारी कंपनीचं लिंक्स नावाचं यंत्र आलं. रंगीत, आतून उजळलेलं. पुढच्या वर्षी सेगा कंपनीचं गेम गिअर आलं. तेही तसंच देखणं. पण दोघांनाही सहा-सहा सेल लागत आणि ते चार-पाच तासांत संपत. गेम बॉय चार सेलांवर साधारण पंधरा तास चाले. म्हणजे स्थळं दोन्ही रूपवान, पण खर्चिक. आणि हा आपला सावळा मुलगा, पण निर्व्यसनी. दुनियेनं कुणाला पसंत केलं हे सांगायला नको. गेम बॉय आणि त्याचा रंगीत धाकटा भाऊ मिळून ११ कोटी ८० लाखांच्या वर विकले गेले.

बर्डीवर मात्र तो सहसा दिसला नाही. तिथे मिळायचा तो ‘ब्रिक गेम’. खोक्यावर ९९९९ खेळ असल्याची ग्वाही असे आणि आत त्याच त्या विटा निरनिराळ्या वेगाने पडत. खरा गेम बॉय यायचा तो परदेशस्थ नातेवाइकांच्या बॅगेतून, बदामांच्या पुड्यांच्या मध्ये बसून.

आमच्याकडे तो १९९८ च्या डिसेंबरात, वारसाहक्क उलटा फिरून आला. अमेरिकेतला माझा भाचा आला होता. त्याच्या हातात महिन्याभरापूर्वीच निघालेला रंगीत गेम बॉय होता. जुना त्याने आजीला देऊन टाकला, टेट्रिसच्या कॅसेटसकट. नातवाने वापरलेली वस्तू आजीकडे येण्याचा तो आमच्या घराण्यातला पहिलाच प्रसंग.

टेट्रिस १९८४ साली मॉस्कोत अलेक्सेई पाजित्नोव्ह या संगणकवाल्याने रचला. वरून तुकडे पडतात, ते फिरवून खाली बसवायचे. आडवी ओळ भरली की नाहीशी होते. आईला हे दोन मिनिटांत समजलं. आयुष्यभर लहान फडताळात जास्त डबे बसवलेल्या बाईला त्यात शिकण्यासारखं काही नव्हतं. लांब तुकड्याला ती ‘काठी’ म्हणे, चौकोनी तुकड्याला ‘चौरंग’, आणि वाकड्या तुकड्याला एका नातेवाइकाचं नाव दिलं होतं, ते इथे सांगता येणार नाही. वडील आदल्या वर्षी गेले होते. दुपारी तीन ते पाच हा वेळ तेव्हापासून तिच्या अंगावर यायचा. आता त्या वेळात ओसरीवरून काठीची वाट पाहणं ऐकू येऊ लागलं. ‘ये गं बाई, ये एकदाची!’

सेलांचा खर्च आला, त्याबरोबर काटकसरही आली. सेल उतरले की आई ते कुरड्यांच्या शेजारी, त्याच चादरीवर उन्हात वाळत घाली. उबेनं आतली रासायनिक क्रिया जरा वेग घेते आणि सेल थोडा वेळ पुन्हा उभा राहतो. नागपूरच्या मे महिन्याचा हा एकमेव फायदा मला माहीत आहे. तोटाही होता. उन्हाच्या झळा लागल्या की असले पडदे काळवंडतात. आई शांतपणे डाव्या अंगाचं चाक फिरवून तो पुन्हा उजळून घेई. एकदा सेल आतल्या आत पाझरले आणि पट्ट्यांवर पांढरं किटण चढलं. महालातल्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने लिंबू नि पॉलिश पेपर लावून ते साफ केलं. ‘काही नाही झालं जी माय याले,’ तो म्हणाला, ‘आपल्या दोघांच्या मागून जाईल हे.’

दरम्यान नवे वारस येतच होते. २००१ साली ॲडव्हान्स आला. २००३ साली त्याचीच घडी होणारी आवृत्ती आली. आत दिवा, आणि सेलांऐवजी चार्ज होणारी बॅटरी. भाच्याने ती आजीला मुद्दाम पाठवली. जुनी कॅसेट तिच्यात चालत होती. नव्या सुनेने सासूची ताटवाटी आनंदाने ठेवून घ्यावी तशी. आईने दोन दिवस खेळून पाहिलं. ‘छान आहे हो, पण हाताला लागत नाही,’ म्हणाली. तिच्या बोटांना ती बटणं बारीक पडत. पुढे लोडशेडिंगची वर्षं आली. नव्या यंत्रात दिवा होता, पण चार्ज करायला भिंतीत वीज नव्हती. जुन्यात दिवाच नव्हता. त्याला ओसरीवरचं ऊन पुरत होतं आणि ते कुठलीही कंपनी बंद करू शकत नव्हती. १९९३ साली सेरेब्रोव्ह नावाच्या रशियन अंतराळवीराने टेट्रिससह गेम बॉय मीर अंतराळस्थानकावर नेला होता, हे मी तिला सांगितलं. ‘तिथे वीज जात नसेल,’ ती म्हणाली.

कारखान्यात गेम बॉयचं घराणं बंद झालं. २००४ साली आलेल्या डीएसने ॲडव्हान्सच्या कॅसेटा घेतल्या, पण मूळ गेम बॉयच्या नाकारल्या. सासू चालली, आजेसासू नको. योकोई तर १९९७ सालीच रस्त्यावरच्या अपघातात गेला होता. आमच्या ओसरीवर यातली कुठलीच बातमी पोहोचली नाही.

त्या टेट्रिसमध्ये एक गंमत आहे, किंवा क्रूरपणा म्हणा. काही कॅसेटांत आकडे जपून ठेवायला छोटी बॅटरी असते, हिच्यात नाही. यंत्र बंद केलं की सगळे विक्रम पुसले जातात. आईने त्यावर उपाय केला. भिंतीवरच्या कॅलेंडरात, दुधाच्या हिशेबाच्या चौकोनात, ती रोजचा आकडा लिहून ठेवू लागली. ‘दूध १ ली. ४३,२१०.’ पाहुण्यांना वाटे, आमच्याकडे दुधाचा भाव फारच चढला आहे.

आई २०१२ साली गेली. ती कॅलेंडरं मी माळ्यावर ठेवली आहेत, तेरा-चौदा वर्षांची. शेवटच्या वर्षात आकडे लहान होत गेलेले दिसतात. अक्षर मात्र तसंच वळणदार. यंत्राला यातलं काहीच आठवत नाही. ते दर वेळी शून्यापासून सुरू होतं आणि कुणाशीही तितक्याच इमानाने खेळतं.

परवा शेजारची आठ वर्षांची मुलगी आली होती. तिने आधी पडद्यावर बोट फिरवून पाहिलं. काही हललं नाही. मग मी मागचं झाकण उघडून म्हटलं, ‘थांब, याला चार सेल लागतात.’

ती म्हणाली, ‘सेल कधी लागतो, काका? दिवाळीला?’

मी सेल आणायला निघालो.