कर्बोदके आणि इन्सुलिन : ताटातला हिशेब

मधुमेह झाला म्हणजे साखर सोडायची, एवढाच अर्थ अनेक घरांत घेतला जातो. चहा बिनसाखरेचा होतो, मिठाईचा डबा बंद होतो. भात, पोळी, भाकरी आणि उपवासाची साबुदाणा खिचडी मात्र हिशेबाबाहेरच राहते. वास्तविक या पदार्थांतील पिष्टाचे पचनानंतर ग्लुकोजच होते. त्यामुळे इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने ‘गोड काय’ यापेक्षा ‘कर्बोदके किती’ हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत. त्या सर्वांनाच इन्सुलिन लागत नाही. ज्यांना लागते, त्यांच्यासाठी हा हिशेब रोजचा असतो.

उपासमारीपासून सुटका

निरोगी माणसाचे स्वादुपिंड जेवणानुसार इन्सुलिन स्रवते आणि ग्लुकोज पेशींत पोहोचते. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात हा स्राव जवळजवळ थांबतो. दुसऱ्या प्रकारात शरीर इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाही आणि कालांतराने स्रावही घटतो. १९२१ मध्ये टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे करेपर्यंत पहिल्या प्रकारच्या रुग्णांना जवळजवळ उपाशी ठेवणे, एवढाच मार्ग डॉक्टरांपुढे होता. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलास पहिले इंजेक्शन देण्यात आले. त्यानंतर रुग्णाला जेवता येऊ लागले; मात्र जेवण आणि मात्रा यांचा मेळ घालण्याची जबाबदारीही त्याच्याकडे आली.

हिशेब कसा मांडतात?

२५ ग्रॅम कणकेच्या एका पोळीत सुमारे १७ ग्रॅम, शिजलेल्या १०० ग्रॅम भातात सुमारे २८ ग्रॅम, तर ५० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत सुमारे ३४ ग्रॅम कर्बोदके असतात. भाकरीत तंतू अधिक असले तरी तिचा हिशेब टळत नाही. गूळ हाही प्रामुख्याने साखरच होय, तर कोरडा साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे.

उदाहरणादाखल, दोन पोळ्या, १०० ग्रॅम भात आणि वरण मिळून ७५ ग्रॅम कर्बोदके होतात, असे समजू. एखाद्या रुग्णास डॉक्टरांनी १५ ग्रॅमला १ युनिट असे प्रमाण ठरवून दिले असेल, तर या जेवणासाठी ५ युनिट लागतील. जेवणापूर्वीची रक्तशर्करा २२० आणि उद्दिष्ट १२० असून १ युनिटने ती ५० ने उतरत असेल, तर आणखी २ युनिट मिळवावे लागतील. ही प्रमाणे व्यक्तीगणिक, इतकेच नव्हे तर एकाच व्यक्तीत सकाळ-संध्याकाळही बदलतात. दुसऱ्याचे प्रमाण स्वतःसाठी वापरणे धोक्याचे आहे.

वेळेचे महत्त्व

साधे मानवी इन्सुलिन जेवणापूर्वी सुमारे अर्धा तास घ्यावे लागते व त्याचा परिणाम ६ ते ८ तास राहतो. जलद इन्सुलिन १० ते १५ मिनिटांत काम सुरू करते. आधीच्या मात्रेचा परिणाम शिल्लक असताना घाईने दुसरी मात्रा घेतल्यास साखर अचानक कोसळू शकते. ३०-७० मिश्र इन्सुलिन ठरावीक मात्रेत घेणाऱ्यांनी याउलट जेवणच ठरावीक ठेवावे लागते. इंजेक्शन घेऊन जेवण लांबवणे त्यांना महागात पडते.

साखर उतरल्यास

थरथर, घाम, धडधड, गोंधळलेपणा ही लक्षणे दिसल्यास किंवा रक्तशर्करा ७० मि.ग्रॅ.च्या खाली गेल्यास १५ ग्रॅम ग्लुकोज अथवा तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून घ्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी करावी. पेढा किंवा चॉकलेट येथे उपयोगाचे नाही. त्यातील स्निग्धांशामुळे साखर सावकाश शोषली जाते. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात काहीही घालू नये, तातडीने रुग्णालयात न्यावे.

दोन धोकादायक गैरसमज

उपवास किंवा आजारपणात ‘काही खाल्लेच नाही’ म्हणून इन्सुलिन पूर्ण बंद करणे, हा पहिला गैरसमज. पहिल्या प्रकारच्या रुग्णात यामुळे रक्तात कीटोन साठून जीव धोक्यात येतो. जेवणाची मात्रा कमी होऊ शकते. दिवसभराची मूळ मात्रा मात्र डॉक्टरांना विचारल्याविना थांबवू नये.

दुसरा गैरसमज म्हणजे कोणतीही सिरिंज चालते. भारतात इन्सुलिनच्या कुप्या ४० आणि १०० युनिट प्रति मिलिलिटर अशा दोन्ही तीव्रतेत मिळतात. १०० च्या कुपीतील औषध ४० च्या सिरिंजने घेतल्यास अडीचपट मात्रा शरीरात जाते. कुपीवरील व सिरिंजवरील आकडा एकच आहे याची दर खेपेस खात्री करावी.

घरातील वाटी एकदा वजनकाट्यावर मोजून घेणे आणि जेवण, मात्रा व रक्तशर्करा यांची नोंद वहीत ठेवणे, हे दोन उपाय कमी खर्चाचे आहेत. अशी नोंद हाती असली म्हणजे डॉक्टरांनाही मात्रा ठरवताना अंदाजावर विसंबावे लागत नाही.